हातकागद मागवण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ऑनलाइन दुकानातून सुटे कागद, वह्या, पाकिटे किंवा पत्रिका मागवणारे ग्राहक किमतीच्याही आधी एक प्रश्न विचारतात: छायाचित्रात दिसतो तसाच कागद घरी येईल ना? त्याचे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. परंतु आमच्या अनुभवात कागद परत येतो तो रंगात फरक पडल्यामुळे क्वचितच. ज्या कामासाठी तो मागवला त्या कामाचा तो नव्हता, म्हणून परत येतो. शाई पसरली, प्रिंटरमध्ये अडकला, घडीवर तडकला, अशा या तक्रारी असतात. कागद रंगावरून न निवडता कामावरून निवडावा, अशी आमची विनंती आहे, आणि ती निवड कशी करावी हे या पत्रकात सांगितले आहे.

कागद कसा तयार होतो

आमचा बहुतेक कागद सुती चिंध्यांचा असतो. तिरुपूरसारख्या होजिअरीच्या केंद्रांत बनियन आणि टी-शर्ट बेतताना उरणारे पांढरे कातरण आम्ही वापरतो. ते प्रथम हाताने निवडावे लागते, कारण त्यात एखादा जरी लायक्रामिश्रित तुकडा राहिला, तरी त्याचे ताणले जाणारे धागे लगद्यात नीट तुटत नाहीत आणि वाळलेल्या कागदावर केसासारखे वर येतात. निवडलेल्या चिंध्यांचे बारीक तुकडे करून त्या बीटर यंत्रात पाण्याबरोबर कुटल्या जातात. हे कुटणे किती वेळ चालू ठेवायचे, यावर कागदाचा स्वभाव बराचसा ठरतो. कमी कुटलेल्या लगद्याचा कागद मऊ, फुगीर आणि शोषक होतो. जास्त कुटलेल्याचा दाट, कडक आणि हलवला तर वाजणारा होतो, मात्र वाळताना तो अधिक आकसतो.

पुढे हा लगदा पाण्यात इतका पातळ केला जातो की त्यात तंतूंचे प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते. जाळीच्या चौकटीत तो मापाने घेऊन कारागीर चौकट उचलतो आणि पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवतो. पाणी निथळत असताना दिलेल्या या हेलकाव्यांमुळे तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंततात. ओला कागद कापडावर उलटवला जातो, थप्पी दाबयंत्रात पिळली जाते, मग एकेक कागद दोरीवर वाळवून शेवटी गुळगुळीत रुळांमधून काढला जातो. वजनातील थोडा फरक या मापाने ओतण्यातूनच येतो. एकाच थप्पीतील दोन कागदांत दहा टक्क्यांपर्यंतची तफावत आम्ही दोष मानत नाही. त्याहून अधिक आढळल्यास कागद बदलून देतो.

या कामाची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. जुन्नर आणि दौलताबाद येथील कागद एके काळी नावाजलेले होते, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच या व्यवसायावरून पडले आहे, आणि पुण्याच्या कसबा पेठेतही कागदी लोकांची, म्हणजे कागद बनवणाऱ्या कारागिरांची, वस्ती होती. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा मागे पडत गेला. १९३४ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने तो पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला, आणि १९४० मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. आमच्यासारखे लहान कारखाने आज ज्या पद्धतीने काम करतात, ती बरीचशी या दुसऱ्या टप्प्यात घडलेली आहे. जुने कागदी सनाचे (तागासारख्या धाग्याचे) जुने दोर व गोणपाट कुटून, गवताच्या काड्यांच्या लवचीक जाळीवर कागद उचलत आणि तो भिंतीवर चिकटवून वाळवत; ते काम आम्ही करत नाही, त्यामुळे आमच्या कागदाला आम्ही ‘जुन्नरी’ म्हणवून विकत नाही.

खळ: हातकागदातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट

नुसत्या लगद्याचा कागद टिपकागदासारखा वागतो. त्यावर लिहिता यावे म्हणून त्याला खळ लागते. जुन्या पद्धतीत तांदळाची किंवा गव्हाची खळ लावून वाळलेला कागद गुळगुळीत दगडाने घोटत असत. बोरूने लिहिलेली मोडी दफ्तरे आजही वाचता येतात, त्यात शाईइतकाच या घोटाईचाही वाटा आहे. आज खळ दोन प्रकारे दिली जाते. एक तर ती लगद्यातच मिसळतात, किंवा तयार कागद जिलेटिनच्या अथवा स्टार्चच्या द्रावणात बुडवून पुन्हा वाळवतात. जिलेटिन प्राणिजन्य असते. धार्मिक ग्रंथाच्या लेखनासाठी किंवा स्वतःच्या आचारामुळे ज्यांना ते चालत नाही, त्यांनी मागणी नोंदवताना तसे कळवावे. त्यांना स्टार्चची खळ दिलेला कागद पाठवला जातो आणि त्यासाठी वेगळी किंमत आकारली जात नाही.

कागदाला खळ कितपत आहे हे घरीही पाहता येते. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. खळ नसेल तर तो क्षणात आत ओढला जातो आणि मागील बाजूस डाग दिसतो. चांगली खळ असेल तर थेंब काही काळ मण्यासारखा उभा राहतो. फाउंटन पेनने लिहिणाऱ्यांनी व जलरंगात काम करणाऱ्यांनी चांगली खळ असलेलाच कागद घ्यावा. उलट लिनोकटासारख्या ठशाच्या कामाला, कागदाचे साचे दाबण्याला आणि कागदी फुलांना कमी खळीचा मऊ कागद अधिक सोयीचा जातो. ‘सर्व कामांसाठी एकच चांगला कागद’ आम्हाला अनेकदा मागितला जातो. तसा कागद आमच्याकडे नाही, आणि तो देऊ करणाऱ्या दुकानाकडे थोडे सावधपणे पाहावे, असे आमचे मत आहे.

लग्नपत्रिका आणि छपाई

पत्रिकांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट ग्राहकांच्या ध्यानात सहसा येत नाही. आपल्याकडे पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावूनच ती दिली जाते. ओले कुंकू बिनखळीच्या कागदावर लावले, तर बोटाएवढा ठिपका पाहता पाहता रुपयाएवढा होतो आणि कधी कधी छापील मजकुरापर्यंत पोहोचतो. म्हणून पत्रिकांसाठी आम्ही केवळ खळीचा कागदच देतो, आणि कोपऱ्यांपासून मजकूर किमान दोन सेंटीमीटर आत ठेवावा, असे सुचवतो. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो. त्यामुळे हळदीत रंगवलेला कागद हवा असल्यास तो मिळेल, परंतु चौकट करून भिंतीवर लावण्याच्या पत्रिकेसाठी तो घेऊ नये.

छपाईसाठी स्क्रीन प्रिंटिंग सर्वांत खात्रीचे ठरते, कारण त्यात शाईचा जाड थर कागदाच्या खडबडीत पृष्ठभागावर बसतो. जुन्या ट्रेडल यंत्रावरील खिळेछपाईही फार सुरेख येते. अक्षर कागदात किंचित दबते आणि ते बोटाला जाणवते. लेझर प्रिंटरमध्ये मात्र शाईची भुकटी तापलेल्या रुळाने कागदावर पक्की केली जाते, आणि उंचसखल कागदाच्या खळग्यांपर्यंत ती उष्णता व दाब पुरेसे पोहोचत नाहीत, त्यामुळे अक्षरे घासली की निघतात. फुलांच्या पाकळ्या किंवा गवत घातलेला कागद घरच्या प्रिंटरमध्ये मुळीच घालू नये. प्रिंटर बिघडल्यास त्याची जबाबदारी आम्हाला घेता येणार नाही.

माप, वजन आणि घडी

आमचा पूर्ण ताव ५६ × ७६ सेंटीमीटरचा असतो. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम भरते यावरून सांगितली जाते. कार्यालयातील झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो, हे डोळ्यांसमोर ठेवल्यास अंदाज येतो. पाकिटांना १०० ते १२० पुरतो, वहीच्या पानांना तेवढाच किंवा किंचित अधिक, आणि पत्रिका व शुभेच्छापत्रांना २०० ते ३०० लागतो. जड कागद म्हणजे उत्तम कागद, अशी समजूत आढळते. ३०० जीएसएमचा कागद अंदाजाने दुमडला तर घडीवर तंतू उघडे पडतात. त्याला आधी बोथट हाडपट्टीने किंवा न चालणाऱ्या बॉलपेनने रेघ पाडून मग घडी घालावी.

टपालखर्चाचा हिशेबही याच आकड्यांवरून करता येतो. १५० जीएसएमचा एक पूर्ण ताव सुमारे ६४ ग्रॅम भरतो, म्हणजे दहा तावांचे पार्सल वेष्टन सोडून ६४० ग्रॅमच्या आसपास जाते. दोनशेच्या आतील जीएसएमचे ताव आम्ही नळीत गुंडाळून पाठवतो. त्यापुढील ताव गुंडाळले तर पुन्हा सरळ होत नाहीत, म्हणून ते दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवावे लागतात आणि तो खर्च अधिक येतो. गुंडाळलेले ताव आल्यावर उलट बाजूने गुंडाळू नयेत. जाड पुस्तकांखाली एक-दोन दिवस ठेवावेत.

रंग, पाकळ्या आणि बिया

छायाचित्रे आम्ही दिवसाच्या उजेडात, सावलीत घेतो आणि त्यात नंतर रंग वाढवत नाही. तरीही प्रत्येक मोबाइलचा पडदा वेगळा असतो, आणि रंगाचा प्रत्येक घाणा आधीच्यापेक्षा किंचित वेगळा उतरतो. एकाच कामासाठी लागणारे सर्व कागद एकाच वेळी मागवावेत. ‘मागच्या महिन्यातला तोच निळा’ पुन्हा हुबेहूब देण्याचे वचन आम्ही देत नाही. झेंडूच्या पाकळ्यांचा रंग कागदात बऱ्यापैकी टिकतो. जास्वंद व गुलाब मात्र तपकिरी पडतात, आणि ओल्या लगद्यात त्यांचा रंग आजूबाजूला उतरतो. आमच्या दुकानातील गुलाबाच्या पाकळ्यांचा कागद जुन्या पुस्तकात ठेवलेल्या फुलासारखा दिसतो, ताज्या फुलासारखा नव्हे. तसे तेथे लिहिलेलेही आहे.

बियांच्या कागदात आम्ही तुळस, झेंडू किंवा मेथी घालतो. बी फुटू नये म्हणून हा कागद जोराने दाबता येत नाही, त्यामुळे तो खडबडीतच राहतो. त्यावर इस्त्री फिरवू नये आणि तो सहा महिन्यांच्या आत पेरावा. परदेशातील आप्तांना असे कार्ड पाठवण्यापूर्वी त्या देशाचे नियम पाहावेत. बियाणे आणण्यावर अनेक देशांत निर्बंध आहेत, आणि असे कार्ड टपालातच अडकू शकते. आम्ही स्वतः बियांचा कागद भारताबाहेर पाठवत नाही.

पावसाळा आणि साठवण

सुती तंतू हवेतील ओल घेतात आणि फुगतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कागदाला लाट येते. हा बिघाड नाही. हवा कोरडी झाली आणि वजनाखाली ठेवला की कागद बहुधा सपाट होतो. आमच्याकडेही उन्हाळ्यात एका दिवसात वाळणारा कागद आषाढ-श्रावणात दोरीवर कित्येक दिवस राहतो, म्हणून त्या महिन्यांत मोठ्या मागणीस आम्ही दुप्पट मुदत मागतो. स्टार्चच्या खळीकडे कसर आकर्षित होते. जुन्या पोथ्यांत वेखंडाचे तुकडे ठेवत असत, ते आजही ठेवता येतात. डांबराच्या गोळ्या थेट कागदावर ठेवू नयेत.

हातकागद ओळखताना

‘हॅन्डमेड’ या शब्दाखाली ऑनलाइन बाजारात बरेच काही विकले जाते. यंत्रावर अखंड तयार होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने लोळतात, म्हणून तो एका बाजूने सरळ फाटतो आणि आडवा फाडताना वेडावाकडा जातो. हातकागद दोन्ही बाजूंनी सारखाच अडखळत फाटतो. न कापलेल्या हातकागदाच्या चारही कडा पातळ होत गेलेल्या असतात, तर पट्टी धरून फाडलेल्या कागदाची कड लवदार दिसली तरी जाडी शेवटपर्यंत तीच राहते. काही वह्यांचा फक्त पुठ्ठा हातकागदाचा असतो आणि आतली पाने गिरणीची. अशी वही आम्हीही विकतो, कारण ती स्वस्त पडते आणि रोजच्या लिखाणाला सोयीची असते, मात्र तिच्या वर्णनात पुठ्ठा आणि पाने यांची माहिती स्वतंत्र दिलेली असते.

आमच्याकडून कागद घेऊन त्याची कार्डे, दागिने, कंदील किंवा वह्या बनवून स्वतःच्या दुकानातून विकणारे अनेक जण आहेत. त्यांनी आपल्या वर्णनात ‘आमच्या हातचा कागद’ असे न लिहिता ‘हातकागदापासून हाताने बनवलेले’ असे लिहावे, ही विनंती आहे. दिवाळीच्या कंदिलांसाठी लागणारा पातळ, प्रकाश झिरपणारा कागद त्यांनी पावसाळ्यापूर्वीच नोंदवून ठेवावा.

नमुने, परतावा आणि पैसे

पन्नासपेक्षा अधिक ताव किंवा शंभरपेक्षा अधिक पत्रिका मागवण्यापूर्वी नमुना-संच घ्यावा. त्याची किंमत नंतरच्या बिलातून वजा केली जाते. नमुन्यावर स्वतःची शाई, स्वतःचा रंग आणि स्वतःच्या छापखान्याची चाचणी करूनच पुढील मागणी कळवावी. टपालात दुमडलेला, भिजलेला किंवा चुकीच्या जीएसएमचा कागद सात दिवसांत छायाचित्रासह कळवल्यास बदलून मिळतो अथवा पैसे परत केले जातात. कापलेला किंवा छापलेला कागद परत घेता येत नाही. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे, आणि आम्ही ती मुदत पाळतो.

परताव्याची रक्कम ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जाते. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. आमच्या दुकानाचे नाव सांगून कोणी पिन किंवा ओटीपी मागितला, तर तो देऊ नये आणि बिलावरील क्रमांकावर आम्हाला कळवावे.