रोहूच्या आईला दिलेलं इंजेक्शन

पावसाळ्यात नागपूरच्या मासळी बाजारात हा प्रश्न मी बरेचदा ऐकतो. ‘हा रोहू इंजेक्शनवाला नाही ना जी?’ ‘नाही जी, तलावाचा हाय.’ विकणाऱ्या मावशी खरंच बोलत असतात. इंजेक्शन त्या माशाला दिलेलं नसतं, त्याच्या आईला दिलेलं असतं. ते दिलं नसतं तर बहुधा हा रोहू जन्मालाच आला नसता.

रोहू, कतला, मृगळ हे मुळात नदीचे मासे. भंडारा-गोंदियाच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावांत ते झकास वाढतात, वयात येतात. जूनपर्यंत मादीचं पोट अंड्यांनी टच्च फुगतं. पण साचलेल्या पाण्यात ती अंडी सहसा सोडत नाही. तिला पूर लागतो. म्हणून पूर्वी तलावात सोडायचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, नदीतून गाळून आणावं लागे, आणि त्यात नको त्या माशांची पिल्लंही येत.

अडतं कुठे? अंडाशयात नाही. अडतं ते मेंदूच्या तळाशी लटकणाऱ्या पीयूषिका ग्रंथीत, म्हणजेच पिट्युटरीत. माणसात ही ग्रंथी वाटाण्याएवढी असते. तिची दोन संप्रेरकं इथे महत्त्वाची. एफएसएच अंडी वाढवतं. एलएच शेवटचा टप्पा पार पाडतं: अंडं पूर्ण पिकवणं आणि मोकळं करणं. तलावातल्या मादीत पहिलं काम झालेलं असतं, दुसरं रखडतं.

का रखडतं, हा मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. एलएच तयार करणाऱ्या पेशींकडे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून दोन निरोप येतात. जीएनआरएच सांगतं, ‘सोड.’ डोपामिन सांगतं, ‘थांब.’ कार्प कुळातल्या माशांत हा दुसरा आवाज फार जोरकस असतो. नदीला पूर आला की तो दबतो, एलएचची लाट उसळते आणि काही तासांत अंडी बाहेर पडतात. तलावात ती लाट येतच नाही.

१० जुलै १९५७ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी यावर मात केली. दुसऱ्या माशांच्या डोक्यातली पीयूषिका काढून, वाटून, तिचा अर्क मादीला टोचला. आयतं एलएच मिळालं आणि मादीनं अंडी सोडली. आजचं इंजेक्शन आणखी हुशार आहे. त्यात जीएनआरएचसारखा रेणू असतो आणि जोडीला डॉम्पेरिडोन. होय, उलटी थांबवायला आपण घेतो तेच! ते डोपामिनची जागा अडवतं, ‘थांब’ ऐकू येत नाही, आणि मादीची स्वतःचीच पीयूषिका एलएच सोडते. संध्याकाळी टोचलं की पहाटेपर्यंत हाप्यात (पाण्यात बांधलेल्या कापडी जाळीत) अंडी, आणि पुढच्या १४ ते १८ तासांत पिल्लं. यांनाच आपल्याकडे मत्स्यजिरे म्हणतात.

तेव्हा ‘इंजेक्शनची मासळी खाल्ली की पोरी लवकर वयात येतात’ असे जे संदेश फिरतात, त्यांना काही आधार नाही. आईला टोचलेला तो डोस काही दिवसांतच संपतो, आणि ताटात येतो तो महिनोन्‌महिने तलावात वाढलेला तिचा वंश.

माणसातही एफएसएच आणि एलएच हीच जोडी काम करते, बाईत आणि पुरुषातही. शुक्रजंतूसुद्धा तिच्याच हुकमानं तयार होतात. तरी मूल झालं नाही की ‘वांझ’ हा शब्द बाईलाच चिकटतो आणि तिलाच ताईत बांधायला नेतात. हा अन्याय आहे, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीनं चूकही. दोघांच्याही रक्ताची आणि पुरुषाच्या वीर्याची तपासणी आधी व्हायला हवी.

आपल्यात मात्र खेळ तालाचा आहे. अर्न्स्ट नोबिल या शास्त्रज्ञांनी ऱ्हीसस माकडिणींना जीएनआरएच तासाला एकदा, काही मिनिटंच दिलं, तर पीयूषिका नीट चालली. तेच अखंड सोडलं, तर एफएसएच-एलएच दोन्ही आटली. निरोप तोच, पण मधली शांतता गेली की पेशी ऐकेनाशा होतात. काही स्त्रियांच्या मेंदूतून हा निरोप जन्मतःच निघत नाही, त्यांना पाळी येत नाही. त्यांना अंगावर बाळगायचा छोटा पंप लावून साधारण दर दीड तासाला जीएनआरएचचा एकेक थेंबुटा देतात. त्यांची पीयूषिका जागी होते, अंडं पिकतं, आणि त्यातल्या कित्येकींना दिवस राहतात.