डेटाचा खासगीपणा आणि सायबर सुरक्षा : दोन वाटांनी आलेला एक कायदा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याच्या शेवटी दंडाचा तक्ता जोडलेला आहे. त्यातील सर्वांत मोठी रक्कम, म्हणजे २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड, संमतीवाचून माहिती गोळा करणाऱ्यासाठी नाही. जवळ असलेली माहिती नीट न सांभाळणाऱ्यासाठी आहे. नागरिकाच्या खासगीपणासाठी केलेल्या कायद्याने सर्वांत जबर शिक्षा सुरक्षेतील कुचराईसाठी राखून ठेवावी, हे पहिल्या वाचनात चमत्कारिक वाटते. त्यामागचे कारण समजून घ्यायचे तर हे दोन विषय कोठून आले आणि एकमेकांत कसे गुंतले, हे पाहावे लागते.

मराठीत घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. ‘गोपनीयता’ हा एकच शब्द आपण दोन्हीकडे चालवतो. मंत्री पद आणि गोपनीयतेची शपथ घेतात, तेव्हा राज्यकारभारात कळलेल्या गोष्टी बाहेर न फोडण्याची हमी देतात. तेथे गुपित राज्याचे असते आणि प्रश्न ते फुटू न देण्याचा असतो. नागरिकाच्या बाबतीत मात्र आधीचा प्रश्न असा की, ही माहिती माझ्याकडून मागण्याचा अधिकार समोरच्याला मुळात आहे का. म्हणून या टिपणात नागरिकाच्या हक्कासाठी ‘खासगीपणा’ हाच शब्द वापरला आहे.

फरक पाहायला संगणकही लागत नाही. गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावर वॉचमनच्या टेबलावर एक लांबट वही असते आणि दोऱ्याने बांधलेले पेन असते. आलेल्या माणसाने नाव, मोबाइल नंबर, कोणाकडे जायचे ते आणि वेळ लिहून सही करायची. लिहिताना नजर आपोआप वरच्या ओळींवर जाते आणि सकाळपासून कोणत्या फ्लॅटमध्ये कोण आले, त्याचा नंबर काय, हे सगळे कळते. पाच मिनिटांसाठी आलेल्या माणसाचा नंबर सोसायटीला कशासाठी हवा, तो किती दिवस ठेवणार आणि भरलेल्या वहीचे पुढे काय होते, हे खासगीपणाचे प्रश्न आहेत. वही उघडी का, पाने कोण चाळू शकतो, एखादी ओळ कोणी खोडली तर कळेल का, हे सुरक्षेचे प्रश्न आहेत. वही कपाटात कुलूपबंद केली तरी पहिले प्रश्न तसेच राहतात. उलट, मोजकीच माहिती घ्यायची असा चांगला नियम करून वही उघडीच ठेवली, तर त्या नियमाचा उपयोग उरत नाही.

संगणकाच्या जगात हे प्रश्न स्पष्टपणे मांडले जाऊ लागले ते १९६० च्या दशकात, अनेक माणसे दुरून एकच मोठा संगणक वापरू लागली तेव्हा. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनचे संगणकतज्ज्ञ विलिस वेअर यांनी १९६७ मध्ये अटलांटिक सिटी येथील संगणक परिषदेत या विषयावर निबंध वाचला. त्यात त्यांनी केलेली विभागणी आज वाचताना लक्षात राहते. संरक्षण खात्याच्या गुप्त माहितीच्या बाबतीत त्यांनी ‘सुरक्षा’ हा शब्द वापरला आणि इतर संवेदनशील माहितीच्या बाबतीत ‘खासगीपणा’ हा. म्हणजे त्या वेळी फरक माहिती कोणाची एवढाच होता. पुढे वेअर यांच्याच अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९७० मध्ये संरक्षण खात्याला संगणकांच्या सुरक्षेवर अहवाल दिला आणि नंतर आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. त्या समितीच्या १९७३ च्या अहवालात मात्र फरक खोलवर गेलेला दिसतो. माणसांच्या नोंदी ठेवणारी कोणतीही व्यवस्था लपवून चालवता कामा नये; आपल्याविषयी काय नोंदले आहे आणि ते कशासाठी वापरले जाते, हे माणसाला कळले पाहिजे; एका कामासाठी घेतलेली माहिती संमतीवाचून दुसऱ्या कामाला लावता येऊ नये; चुकीची नोंद दुरुस्त करता आली पाहिजे; आणि नोंदी ठेवणाऱ्याने त्यांची विश्वासार्हता राखून गैरवापर टाळण्याची खबरदारी घेतली पाहिजे. या पाच तत्त्वांपैकी सुरक्षेशी थेट संबंध आहे तो फक्त शेवटच्याचा.

अमेरिकेचा १९७४ चा प्रायव्हसी अ‍ॅक्ट याच अहवालातून आला. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने १९८० मध्ये आठ तत्त्वे जाहीर केली, त्यांतही सुरक्षेचे उपाय हे आठांपैकी एक तत्त्व होते. खासगीपणाच्या घराला सुरक्षा हा एक खांब आहे, ही मांडणी तेव्हापासून रूढ झाली.

सायबर सुरक्षेची स्वतःची चौकट मात्र याहून निराळी आहे. माहिती नको त्याच्या हाती पडू नये, तिच्यात कोणी फेरफार करू नये आणि हवी तेव्हा ती मिळावी, अशी तीन उद्दिष्टे ती मानते. माहिती माणसाची आहे की धरणाच्या दरवाजांची, याने तिला फरक पडत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला हल्लेखोरांनी बगल दिली आणि बनावट मंजुऱ्यांच्या आधारे २८ देशांतून पैसे काढले. बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेथे मोडला तो व्यवहारांच्या खरेपणावरचा विश्वास. त्याच वर्षी उघड झालेले केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण नेमके उलटे होते. फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती त्या कंपनीपर्यंत पोहोचली. पण कोणतेही कुलूप फुटले नव्हते. एका प्रश्नावलीच्या अ‍ॅपला फेसबुकने दिलेल्या मुभेतूनच ती बाहेर गेली आणि ज्यांनी ते अ‍ॅप कधी उघडलेही नव्हते, त्यांची माहितीही केवळ कोणाचे तरी मित्र म्हणून गेली.

भारतात या दोन गोष्टी उलट्या क्रमाने आल्या: आधी सुरक्षेचा नियम, मग खासगीपणाचा कायदा. खासगीपणा हा घटनेने दिलेला स्वतंत्र हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठाने १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आणि सहा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ च्या खरक सिंग खटल्यात म्हटले होते. नंतरच्या लहान पीठांनी वाट काढली, फोन टॅपिंगवर १९९६ मध्ये मर्यादाही घातल्या; पण पाया वादातच राहिला. या काळात १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. इलेक्ट्रॉनिक नोंदींना आणि स्वाक्षऱ्यांना कायदेशीर मान्यता देणे हा त्याचा हेतू होता. संगणकातील अनधिकृत शिरकाव आणि हानी यांविरुद्धच्या तरतुदीही त्यात होत्या. जानेवारी २००४ पासून सर्ट-इन ही संगणकीय आणीबाणी हाताळणारी सरकारी यंत्रणा काम करू लागली. २००८ च्या दुरुस्तीने ‘४३ अ’ हे कलम आले आणि संवेदनशील वैयक्तिक माहिती हाताळताना वाजवी सुरक्षा न पाळणाऱ्या कंपनीने नुकसान झालेल्या माणसाला भरपाई द्यावी, असे ठरले. सरकारी खाती त्यातून बाहेरच राहिली. म्हणजे माहिती सांभाळण्याचा नियम आपल्याकडे आला तेव्हा ती कोणी, किती आणि का घ्यावी, याचा सर्वसाधारण कायदा नव्हता.

ही उणीव आधारने ठळक केली. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक दिले गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली, तेव्हा शासनाने पुढे जुन्या दोन निकालांचाच आधार घेतला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये आधारच्या वैधतेवर सुनावणी चालू असताना अ‍ॅटर्नी जनरलनी न्यायालयाला सांगितले की, ही माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींच्या आड सुरक्षित आहे. भिंत खरीच असेल. पण याचिकाकर्त्यांचा मुख्य प्रश्न भिंतीच्या उंचीचा नव्हता. बोटांचे ठसे कोणत्या कामासाठी सक्तीने घ्यावेत आणि ओळख पटवल्याच्या नोंदी किती काळ ठेवाव्यात, हा होता. त्याचे उत्तर सप्टेंबर २०१८ च्या निकालाने दिले. पाच वर्षे नोंदी जपण्याची तरतूद रद्द होऊन सहा महिन्यांची मर्यादा आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे, कारण तिने खासगीपणाच्या अंगाने सुरक्षेचेही काम केले: सहा महिन्यांनी पुसलेली नोंद कोणालाच चोरता येत नाही.

दोहोंचे नेहमी जुळतेच असे नाही. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी सायबर घटनेची खबर सहा तासांत देणे बंधनकारक केले, आणि व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर ग्राहकाची ओळख झाकणारी सेवा, देणाऱ्यांना ग्राहकांची नावे, पत्ते व सेवा घेतल्याचा तपशील पाच वर्षे ठेवायला सांगितला. गुन्ह्याचा माग काढायला हा तपशील उपयोगी पडतो, यात शंका नाही. पण खासगीपणासाठी विकत घेतलेल्या सेवेलाच नोंदवही ठेवायला लावणे अनेक कंपन्यांना मान्य झाले नाही आणि त्यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर खंडणीखोर हल्ला झाला. रुग्णनोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने कागदावर करावी लागली. नोंदी रुग्णांच्या असल्याने सुरक्षेचा आणि खासगीपणाचा प्रश्न तेथे एकाच वेळी उभा राहिला.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये मसुदा दिल्यापासून २०१९ चे विधेयक, संयुक्त समिती, ऑगस्ट २०२२ मधील माघार आणि नवा मसुदा असा प्रवास होऊन २०२३ चा कायदा झाला. दोन्ही वाटा त्यात एकत्र आल्या आहेत. माहिती फुटली तर ती सांभाळणाऱ्याने या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती होती त्या प्रत्येकाला कळवायचे आहे. सर्ट-इनची सहा तासांची अट वेगळी राहतेच. कंपन्यांवरील मुख्य बंधने अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. ‘४३ अ’ हे कलम वगळण्याची या कायद्यातील तरतूदही त्याच वेळी लागू होणार आहे. त्या कलमाखाली भरपाई नुकसान झालेल्या माणसाला मिळते. नव्या कायद्यातील २५० कोटींपर्यंतचा दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल, आणि ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही देण्याची तरतूद कायद्यात नाही.