पूर्वी व्हिडिओ गेम स्वस्त होते? नाही हो!

"आधी गेम स्वस्त मिळायचे, आता ७० डॉलर म्हणजे लूट" हे कित्येक वर्षं फिरतंय पण खरं नाहीये. १९९० च्या दशकात अमेरिकेत सुपर निंटेंडो या गेम कन्सोलच्या बऱ्याच कार्ट्रिज (मशीनमध्ये खोचायच्या गेमच्या डब्या) ६०-७० डॉलरलाच होत्या, कारण प्रत्येकीत मेमरी चिप असायची नि ती महाग पडायची, मग सीडी आली तेव्हा कुठे किमती उतरल्या. २००५ ला परत ६० डॉलर झाले ते २०२० पर्यंत तसेच, आणि महागाई धरली तर २००५ चे ते ६० आजचे ९० च्या वर जातात!

आपल्याला आठवते ती पिवळी '९९९९ इन १' कार्ट्रिज, स्वस्त होती कारण पायरेटेड होती. आपल्या पगारात ५ हजारांचा गेम जड जातो, हे मात्र शंभर टक्के खरं.