सीवीडची बाटली : झाडाचं जेवण की खोटी शिट्टी?

नर्सरीत गेलं की हल्ली काउंटरवर काळपट तपकिरी पाण्याची एक बाटली हमखास दिसते, सीवीड एक्स्ट्रॅक्ट म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क, आणि नर्सरीवाला सांगतो की लिटरला दोन-तीन मिली घाला, फवारा, बाकी कसलंही खत नको, सगळं यातच आहे. यातलं 'बाकी कसलंही नको' हे साफ चूक. बाटली मात्र अगदीच टाकाऊ नाहीये, ती आपण ज्यासाठी घेतो ते सोडून भलतंच काम करते आणि ते काम मला फार आवडतं.

आधी साधा हिशोब. समजा बाटलीत 1 टक्का नत्र आहे. 3 मिली अर्क म्हणजे धरून चाला 30 मिलिग्रॅम नत्र, ते लिटरभर पाण्यात मिसळून दहा कुंड्यांवर फवारलं तर एका झाडाच्या वाट्याला आलं 3 मिलिग्रॅम. दीड टक्का नत्र असलेलं 100 ग्रॅम गांडूळखत कुंडीत टाकलं तर 1500 मिलिग्रॅम. गांडूळखतातलं हळूहळू सुटतं हे मान्य, पण तरी तुलना होते का सांगा. पालाश (पोटॅशियम) जरा बरं निघतं, पण त्यातही गोम आहे. बऱ्याच कारखान्यांत शेवाळ विरघळवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, त्यामुळे बाटलीतलं थोडं पालाश समुद्रातून नाही तर कारखान्यातल्या ड्रममधून आलेलं असतं. आणि ते '60 हून अधिक खनिजे' वगैरे लेबलवर लिहितात ना, असतील की, पण किती आहेत ते लिहा ना राव. समुद्राच्या पाण्यात सोनंसुद्धा आहे.

मग ही बाटली करते काय?

आयर्लंड, नॉर्वे, कॅनडाच्या थंड खडकाळ किनाऱ्यांवर अ‍ॅस्कोफायलम नावाचं तपकिरी शेवाळ वाढतं, जगभरातले बरेचसे अर्क याच्यापासून होतात. हे शेवाळ साखर साठवून ठेवतं ती लॅमिनॅरिन नावाच्या रूपात. आपल्या तांदळातला स्टार्च आणि हे लॅमिनॅरिन, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, फरक फक्त जोडणीचा. स्टार्चमध्ये एका ग्लुकोजचा 1 नंबरचा कार्बन पुढच्याच्या 4 नंबरला जोडलेला असतो, जोडणी अल्फा. लॅमिनॅरिनमध्ये 1 नंबरचा 3 नंबरला, जोडणी बीटा म्हणजे उलट्या दिशेची, आणि मधेच कुठेतरी 6 नंबरवरून छोटी फांदी. म्हणाल एवढं काय त्यात, तर बुरशीच्या पेशीभिंतींतही अगदी अशाच बीटा-1,3 साखळ्या असतात! झाडाकडे आपल्यासारखी अँटिबॉडी नसते, रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नसतात, प्रत्येक पेशीने आपापलं राखायचं. म्हणून पेशीच्या पडद्यावर रिसेप्टर असतात, ते बुरशीच्या भिंतीचे तुकडे ओळखतात. तिथे लॅमिनॅरिनचा तुकडा येऊन बसला की रिसेप्टरला वाटतं बुरशी आली. काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम घुसतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, मग जीन्स चालू होतात आणि कायटिनेज, ग्लुकॅनेज अशी बुरशीची भिंत फोडणारी एन्झाइम्स बनायला लागतात, द्राक्षाच्या वेलीत तर रेस्व्हेराट्रॉलसारखी बुरशीरोधक रसायनंही. चोर नसताना सोसायटीच्या वॉचमनने शिट्टी मारावी आणि सगळ्यांनी दारं लावून घ्यावीत, तसं. खरा चोर नंतर येतो तेव्हा दारं बंद.

2003 मध्ये द्राक्षवेलींवर हे तपासून प्रसिद्ध झालंय, लॅमिनॅरिन दिलेल्या पानांवर डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे केवडा रोग, निम्म्याहून जास्त घटला. नाशिककडच्या बागायतदारांना डाऊनी म्हणजे काय ते सांगायला नको. आणि यात अजून एक मजा आहे, डाऊनीचा जंतू ही खरी बुरशी नाहीच, तो आणि तपकिरी शेवाळं एकाच मोठ्या कुळातले, लांबचे भाऊबंद! म्हणजे एका भावाची साखर फवारून झाडाला दुसऱ्या भावाविरुद्ध सावध करायचं.

एवढं कळलं की वापर कसा करायचा ते आपोआप कळतं. लॅमिनॅरिन स्वतः बुरशी मारत नाही, त्यामुळे गुलाबावर भुरी पसरल्यावर फवारलं तर उपयोग जवळजवळ शून्य, पावसाळी दमट हवा सुरू व्हायच्या आधी मारायचं, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूलासुद्धा. डोस वाढवायचा नाही. एन्झाइम्स बनवायला झाडाची ताकद खर्च होते, आणि कुंडीत खत नसेल तर ती येणार कुठून? म्हणून शेणखत, गांडूळखत आधी, बाटली नंतर.

तुळस वाळली की घरावर संकट येणार म्हणणारे आहेत, तसे आता तुळस वाळली की सीवीड मारा म्हणणारे झालेत. अहो, कुंडी उपडी करून मुळं बघा, रोज श्रद्धेने ओतलेल्या पाण्याने कुजलेली असतात बहुतेक वेळा, त्याला ना शांत लागते ना शेवाळ.

आता लेबल वाचा. भारतात बनणारे बरेच अर्क कप्पाफायकस या लाल शेवाळाचे असतात. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर मच्छीमार बायका बांबूच्या तराफ्यांवर ते वाढवतात, साधारण 45 दिवसांत काढणी, आणि ताजं शेवाळ चिरडून रस खतासाठी, चोथा कॅराजीननसाठी (म्हणजे लाल शेवाळातल्या जेलीसारख्या घट्ट साखरेसाठी) ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने बसवली. लाल शेवाळात लॅमिनॅरिन नसतं! त्याचा राखीव साठा स्टार्चसारखा असतो. त्यातल्या कॅराजीननचे तुकडेही झाडाला चाळवतात, पण रचना वेगळी, त्यामुळे अ‍ॅस्कोफायलमवरचे प्रयोग दाखवून कप्पाफायकस विकत असतील तर दोन प्रश्न जरूर विचारा.

कोकणात राहणाऱ्यांना वाटेल विकत कशाला घ्यायचं, किनाऱ्यावर सरगॅसम वाहून येतंच की. ते आणायचं तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन मीठ काढा आणि कंपोस्टमध्ये घाला, थेट कुंडीत नको. खडकाला चिकटलेलं मात्र ओरबाडू नका, त्यात माशांची पिल्लं वाढतात, आणि मालवणच्या सागरी अभयारण्यात तर तोडायचा विचारही करू नका.