व्हीएम आधी कमांडवरच चालू व्हायचं, खिडकी नंतर आली

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर) म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एक विंडो येते, तिच्यात दुसरी ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) बूट होतेय, वर हिरवा स्टार्टचा बाण, आणि मग कमांड लाइनवरून व्हीएम चालू करणं म्हणजे काहीतरी हुशारी मारायचा प्रकार वाटतो. पण खरं उलटं आहे.

आयबीएमच्या केंब्रिज सेंटरमध्ये १९६७ साली सीपी-४० नावाची सिस्टीम वापरात आली, एकाच मेनफ्रेमवर, म्हणजे एका मोठ्या कॉम्प्युटरवर, १४ व्हर्च्युअल मशीन. तेव्हा ना माऊस ना विंडो, टाइपरायटरसारखं टर्मिनल असायचं. त्यातूनच पुढे १९७२ साली व्हीएम/३७० आलं. लॉगइन केलं की तुमच्या नावाचं एक मशीन तयार, पण रिकामं, जणू आत्ताच वीज दिलीय आणि आत काहीच लोड नाही. मग टाइप करायचं ‘आयपीएल सीएमएस’, की सीएमएस नावाची छोटी ओएस बूट व्हायची. खऱ्या मेनफ्रेमवर आयपीएलचं, म्हणजे बूट करायचं, बटण असायचं, इथे त्याच बटणाची कमांड झाली. मला तर ही आयडिया अजूनही भारी वाटते.

नंतर पीसी आले आणि हे सगळं मागे पडलं, कारण एक्स८६ प्रोसेसरच्या काही इन्स्ट्रक्शन अशा होत्या की व्हीएममधली पाहुणी ओएस त्या चालवायची आणि खाली हायपरव्हायझरला (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) पत्ताच लागायचा नाही. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये वर्कस्टेशन काढलं, त्या अडचणीच्या इन्स्ट्रक्शन चालता चालताच बदलून टाकायची युक्ती केली, आणि व्हीएम म्हणजे विंडो हे समीकरण तिथून डोक्यात बसलं.

सर्व्हरवर मात्र विंडो बघायला कोण बसणार? २००३ मध्ये झेन नावाचं हायपरव्हायझर आलं, तिथे सुरुवातीच्या काळात व्हीएमची कॉन्फिग फाइल लिहायची आणि ‘एक्सएम क्रिएट’ मारायचं. त्याच वर्षी प्रोग्रामर फाब्रिस बेलार्डचं क्यूएमू हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर आलं, त्याची कमांड म्हणजे मारुतीचं शेपूट, मेमरी किती, डिस्क कुठली, नेटवर्क कसं, सगळं त्या एका ओळीतच सांगायचं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हीएमसाठी सोय केली, तिचा फायदा घेणारं केव्हीएम २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्स २.६.२० मध्ये आलं. केव्हीएम सहसा क्यूएमूच्या जोडीनेच वापरतात, आणि गंमत म्हणजे इथे व्हीएम ही साधी लिनक्स प्रोसेस असते, त्यामुळे टर्मिनलवरून थेट क्यूएमू चालू करून ते टर्मिनल बंद केलं की बऱ्याचदा व्हीएमही गेलं, आणि आतल्या ओएसला नीट शटडाऊन व्हायची संधीच मिळत नाही.

हे सांभाळायला लिबव्हर्ट हे व्हीएम हाताळायचं सॉफ्टवेअर कामी येतं, मागे डिमन (पडद्याआड चालत राहणारा प्रोग्राम) बसलेला असतो, त्याच्या व्हर्श या कमांडने ‘व्हर्श स्टार्ट’ म्हणून तुम्ही मोकळे. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हीबॉक्समॅनेज स्टार्टव्हीएम’ला टाइप हेडलेस दिलं की तेच, विंडो न उघडता मशीन चालू.

लिबव्हर्टची सुरुवात झेनसाठी झाली होती, म्हणून व्हर्श आजही व्हीएमला ‘डोमेन’ म्हणतं, झेनचाच शब्द तो. डोमेन सापडत नाही असा एरर आला की नवा माणूस वेबसाइटची सेटिंग शोधत बसतो! आणि ‘डिस्ट्रॉय’ला तर सगळेच घाबरतात, पण ती कमांड फक्त प्लग खेचल्यासारखं मशीन बंद करते, डिस्कची फाइल जागेवरच असते, पुन्हा ‘स्टार्ट’ मारलं की मशीन परत चालू.