वेल्डिंग रेक्टिफायरमधले छोटे कपॅसिटर काय करतात?

जुन्या डीसी वेल्डिंग मशीनचं झाकण काढलं की जाडजूड केबल, तांब्याच्या पट्ट्या आणि ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर) कसलेले मोठाले डायोड दिसतात. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो; असे डायोड मिळून एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर बनतो. त्या डायोडच्या दोन टोकांना जोडलेला चपटा, लहानसा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) मात्र सहज नजरेतून सुटतो. बहुधा ०.०१ ते ०.१ मायक्रोफॅरडचा. शंभर-दीडशे अँपिअरच्या यंत्रात एवढ्याशा वस्तूचं काय काम, असं वाटून दुरुस्तीच्या वेळी तो कापूनही टाकला जातो. तसं करू नये. डायोडचं आयुष्य बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असतं.

रेक्टिफायरजवळ कपॅसिटर दिसला की तो डीसी सपाट करण्यासाठीच असणार, असं आपण धरून चालतो. इथे ते शक्यच नाही. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यातून रेक्टिफायर सेकंदाला १०० लाटा काढतो. दोन लाटांमध्ये समजा ५ मिलिसेकंद १०० अँपिअर पुरवायचे आणि तेवढ्यात व्होल्टेज ५ व्होल्टपेक्षा जास्त घसरू द्यायचं नाही, तर १,००,००० मायक्रोफॅरड लागतील. ०.१ मायक्रोफॅरड हा त्याचा दहा लाखावा भाग झाला. वेल्डिंगचा प्रवाह स्थिर ठेवायचं काम आर्कच्या (वेल्डिंगच्या ठिणगीच्या) मार्गात बसवलेला चोक, म्हणजे तारेचं मोठं वेटोळं, करतो.

मग हा कपॅसिटर कशासाठी? सिलिकॉन डायोड एका दिशेने करंट नेत असताना त्याच्या आत विद्युतभार साठलेले असतात. व्होल्टेजची दिशा उलटली तरी ते भार निघून जाईपर्यंत, काही मायक्रोसेकंद, डायोड उलट्या दिशेनेही करंट जाऊ देतो आणि मग एकदम बंद होतो. खरी अडचण इथे येते. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत थोडा इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला विरोध करणारा गुण) असतोच, आणि इंडक्टन्सला करंट अचानक तुटलेला चालत नाही. धावत्या पाण्याचा नळ झटकन बंद केला की पाइप ठोका देतो, तसा इथे व्होल्टेजचा ठोका बसतो.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. इंडक्टन्स २० मायक्रोहेन्री आणि तुटताना करंट १० अँपिअर असेल, तर अडकलेली ऊर्जा जेमतेम १ मिलिज्यूल. आसपासच्या तारांची आणि डायोडची मिळून १ नॅनोफॅरड (०.००१ मायक्रोफॅरड) धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, असेल, तर ही ऊर्जा तिथे सुमारे १,४०० व्होल्ट उभे करू शकते. २०० ते ४०० व्होल्टचा डायोड तिथे टिकणार नाही. तीच ऊर्जा ०.१ मायक्रोफॅरडमध्ये गेली तर उसळी १४० व्होल्टच्या आसपास थांबते. नेहमीचं व्होल्टेज त्यात मिसळलं तरी चांगला डायोड तेवढं सोसतो. ऊर्जा तितकीच, फक्त तिला सामावून घ्यायला जागा मिळाली. काही यंत्रांत कपॅसिटरसोबत एक रेझिस्टरही असतो. तो नसेल तर ऊर्जा कपॅसिटर आणि इंडक्टन्स यांच्यात हेलकावत राहते. रेझिस्टर तिची उष्णता करून टाकतो.

आउटपुटच्या टर्मिनलपासून चासीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेले कपॅसिटर वेगळे. टिग वेल्डिंगमध्ये (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने करायच्या वेल्डिंगमध्ये) आर्क पेटवायला उच्च वारंवारतेचं, हजारो व्होल्टचं व्होल्टेज वापरतात. ते उलटं रेक्टिफायरमध्ये शिरू नये म्हणून ही आडवाट. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ३२ हजार ओहमचा अडथळा करतो, १ मेगाहर्ट्झला मात्र फक्त १.६ ओहमचा.

त्याहून जुन्या यंत्रांत सेलेनियमच्या प्लेटांचा रेक्टिफायर असे. सेलेनियम अशा क्षणिक उसळ्या बऱ्यापैकी पचवतं, किरकोळ इजा स्वतःच भरूनही काढतं. म्हणून सेलेनियमच्या जागी सिलिकॉन डायोड बसवताना हे कपॅसिटर आधी नसले तरी आता घालावेत. (सेलेनियम जळाल्याची उग्र दुर्गंधी आली तर तिथे थांबू नका, तो धूर विषारी असतो.)

बिघाडाचे प्रकार दोन. कपॅसिटर शॉर्ट झाला तर मीटरवर डायोडच शॉर्ट असल्यासारखं दिसतं. तेव्हा मशीनचा पुरवठा पूर्ण तोडून कपॅसिटरची एक तार सोडवावी आणि पुन्हा मोजावं. चांगला डायोड फेकून देण्याची वेळ त्यामुळे टळते. कपॅसिटर आतून तुटला असेल तर मात्र काहीच कळत नाही. मशीन नेहमीसारखं चालतं आणि एक दिवस डायोड जातो. म्हणून डायोड बदलताना शेजारचा कपॅसिटरही तपासायलाच हवा. नवा घेताना धारिता तीच, व्होल्टेजची मर्यादा तेवढीच किंवा जास्त. सिरॅमिक किंवा फिल्म प्रकारचा घ्यावा, इलेक्ट्रोलिटिक नको, कारण इथे व्होल्टेज दोन्ही दिशांनी येतं. तारा शक्य तितक्या आखूड ठेवून तो थेट डायोडच्या टोकांवर जोडावा. लांब तारेचा स्वतःचा इंडक्टन्स असतो आणि ठोका अडवायच्या नेमक्या वेळी तोच आड येतो.