गाडी खाली घेतल्यावर स्प्रिंगला जागा किती उरते?

स्प्रिंगा बदलून जमिनीजवळ आणलेली बसकी गाडी वळणाला जास्त चिकटते, असं म्हापसा-फोंड्याच्या गॅरेजांत नेहमी ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण किती, ते गणित मांडून बघू. चोर्ला घाटातलं एखादं वळण घ्या. त्याची त्रिज्या २५ मीटर धरली आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने वळली, तर तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण निम्म्या जोराचा आडवा ओढा येतो. गाडी १००० किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिमी उंच आणि डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर आतल्या चाकांवरचा सुमारे १८३ किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. यात पकड घटते, कारण टायरवरचा भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. आता गाडी ३० मिमी खाली घ्या. सरकणारा भार १७३ किलो होतो. म्हणजे एवढा खर्च करून वाचले दहा किलो.

तरीही लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली आणणारी स्प्रिंग, लावल्यावर गाडी चलाख वाटते, आणि तो भास नसतो. ती चलाखी येते मुख्यतः स्प्रिंगच्या ताठपणातून. गाडी कमी कलते, स्टीअरिंग फिरवल्याबरोबर वळायला लागते. कॉइलचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार बदलतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिमीची तार १३ मिमीची केली, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के ताठ होते. म्हणून नुसत्या डोळ्यांनी दोन स्प्रिंगांची तुलना करण्यात अर्थ नाही. विकणाऱ्याला ताठपणाचा आकडा विचारा. तो सांगता येत नसेल, तर ती स्प्रिंग घेऊ नका.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. चाक खड्ड्यातून उसळून वर आलं की स्प्रिंग दबते. दबायला जागा संपली की बंपस्टॉपचं रबर लागतं. समजा मूळ गाडीत ही जागा ७० मिमी आहे. ३० मिमी खाली घेतल्यावर उरली ४० मिमी. स्प्रिंगमध्ये मावणारी ऊर्जा दबण्याच्या अंतराच्या वर्गानुसार वाढते. त्यामुळे तेवढ्याच ताठ स्प्रिंगला आता पूर्वीच्या फक्त ३३ टक्के धक्का पेलतो. ती २५ टक्के ताठ केली तरी ४१ टक्केच. पूर्वीइतका धक्का पेलायला ताठपणा तिप्पट हवा, आणि तशा गाडीत बसणं सहन होणार नाही. उलट २० मिमीवर थांबलात आणि तीच २५ टक्के ताठ स्प्रिंग घेतलीत, तर ६४ टक्के हाती राहतात. दहा मिमींनी एवढा फरक पडतो.

वळणात असताना बंपस्टॉप लागणं सर्वांत धोक्याचं. त्या चाकाचा ताठपणा क्षणात कितीतरी पट वाढतो आणि पकड सुटते. अनमोड घाटात ऐन पावसात हे होऊ नये. ओल्या, उखडलेल्या रस्त्यावर टायर जमिनीला टेकून ठेवणं हे मऊ स्प्रिंगचं काम आहे. फार ताठ स्प्रिंगवर चाक नाचतं आणि ब्रेकचं अंतर वाढतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ते ओले असतात, तेव्हा रेसट्रॅकचा हिशोब इथे चालत नाही.

गतिरोधकांचंही तसंच. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नमुन्यातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. २.४५ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली) गाडी त्यावर बरोबर मध्ये आली, तर पोटाखालचे फक्त ४४ मिमी जातात, कारण चाकंही उंचवट्यावर असतात. वाड्यावाड्यांतले अरुंद उंचवटे मात्र दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतात आणि आपली सगळी उंची वसूल करतात. १६५ मिमी क्लिअरन्सची, म्हणजे पोट जमिनीपासून तेवढं उंच असलेली, गाडी चार माणसं बसल्यावर १३५ वर येते आणि १२ सेंमीचा उंचवटा जेमतेम पार करते. तीच ३० मिमी खाली घेतलेली घासणार. दिवाडी किंवा चोडणच्या फेरीबोटीवर चढताना पुढचा बंपर आधी टेकेल, ते वेगळंच.

आणखी एक गोष्ट. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या रचनेत) गाडी फार खाली गेली की चाकाला धरणारे खालचे दांडे, म्हणजे लोअर आर्म, बाहेरच्या बाजूला वर चढतात आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतं. मग गाडीला कलवणारा जोर उलट वाढतो. चाकांचे कोनही बदलतात, त्यामुळे नंतर अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर टायर एका कडेने झिजतात.

माझं मत स्पष्ट आहे: गोव्यात रोज चालवायच्या गाडीला १५ ते २० मिमी पुरे. पुढच्या-मागच्या चारही स्प्रिंगा एकाच संचातल्या घ्या, नुसतं पुढून खाली घेऊ नका. मूळ स्प्रिंगची वेटोळी कापून घेण्याचा स्वस्त मार्ग पूर्ण टाळा. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की ताठपणा २० टक्केच वाढतो, पण कापलेलं टोक जागेवर नीट बसत नाही आणि गॅसने कापलं तर उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं. किनाऱ्यावर राहत असाल तर रंगाचा थर बघून घ्या. खडा लागून रंग उडाला की खाऱ्या हवेने तिथे गंज धरतो आणि त्याच खड्ड्यातून तडा सुरू होतो. शॉकअप जुने असतील तर ते आधी बदला, ताठ स्प्रिंगला थकलेले शॉकअप आवरत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत, तेव्हा वाहतूक खात्यात आधी विचारून घ्या.

आणि पैसे देण्याआधी एक सोपी चाचणी करा. मेकॅनिककडून शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकची टाय घट्ट बांधून घ्या. घरची माणसं, नेहमीचं सामान घेऊन नेहमीच्याच रस्त्यांवर आठवडाभर फिरा. स्प्रिंग जास्तीत जास्त जितकी दबली, तिथपर्यंत टाय सरकलेली असेल. तिच्यात आणि बंपस्टॉपमध्ये उरलेलं अंतर पट्टीने मोजा. ते १५ मिमी निघालं, तर ३० मिमी खाली नेणारा संच दुकानातच राहू द्या.